बरोबरची खूण

भारत गुंजाळ आमच्या घरी आला तो भर दुपारी, आणि आल्या आल्या त्यानं ह्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. नुसता वाकला नाही, चांगलं टेकवलं. पांढऱ्याशुभ्र शर्टाच्या बाहीला आमच्या फरशीवरची धूळ लागली तरी त्याला उठायची घाई नव्हती. मी स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होते. इतका वेळ कुणी पायांवर पडून राहिलं की आशीर्वाद देणं बाजूलाच राहतं, माणूस मनातून घाबरायला लागतो.

"ऊठ, भारत," हे म्हणाले.

"सर, तुमी आमचं दैवत," असं म्हणत तो उठला आणि माझ्याकडे वळून हसला. "काकू, चहा टाका. साखर जास्त. सरांच्या घरचा चहा प्यायचा राहूनच गेलाय बगा."

मी चहा टाकला. लक्ष बाहेरच्या बोलण्याकडे होतं म्हणून साखर जरा जास्तच पडली.

ह्यांची आमदारकी तशी फार जुनी नव्हती. सगळा जन्म नांदखेडच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवण्यात गेला. निवृत्तीला थोडा काळ उरला असताना पक्षात दोन गटांची जुंपली. ह्याला तिकीट दिलं तर तो पाडणार आणि त्याला दिलं तर हा. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, सोनटक्के सरांना उभं करा, त्यांच्या नावाला कुणी बोट लावणार नाही. मी तेव्हाच म्हटलं होतं, "तुम्हाला भाजीवाल्याशी घासाघीस करता येत नाही, तुम्ही राजकारण काय करणार?" त्यावर हे म्हणाले, "इतकी वर्षं शिकवलं ते एकदा बघून तरी येतो." निवडून आले ते आरामात. अर्धा तालुका ह्यांच्या वर्गात पास झालेला आणि उरलेला नापास, त्यामुळे सर सगळ्यांच्याच लक्षात होते.

गुंजाळ त्या नापासांतला. पुढे नदीतल्या वाळूवर मोठा झाला. जिल्ह्यात कुठंही घर बांधायला काढा, वाळू त्याचीच यायची. त्याचे टिपर रस्त्यानं निघाले की लोक गुरं आवरून धरायचे. आणि त्या हिवाळ्यात त्यातल्याच एका टिपरखाली सुदाम कोरडे गेला. सुदाम आमच्या गावचा तलाठी. नदीच्या वाटेवर तो एकटाच गाडी अडवायला उभा राहिला होता. पंचनाम्यात अपघात लिहिलं गेलं. ड्रायव्हर सापडला नाही. सुदामही ह्यांचाच विद्यार्थी; शिकत असताना दर गुरुवारी आमच्याकडे जेवायला असायचा, आणि माझ्या हातची शेपूची भाजी आवडीनं खाणारा माझ्या आयुष्यातला तो एकटाच मुलगा.

आणि आता त्याच भारत गुंजाळला आमच्याच पक्षानं विधान परिषदेचं तिकीट दिलं होतं. मतदान करायचं होतं आमदारांनी.

मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा गुंजाळ ह्यांना समजावून सांगत होता. राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाला मतदान कसं करायचं ते वाळूवाला शिकवत होता, आणि हे गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होते.

"पहिल्या पसंतीचा एक माझ्या नावापुढं. त्यात काय न्हाई. दोन आन् तीन कुनाला लिहायचं ते पक्ष दर आमदाराला येगळं सांगनार. तुमचा दोन-तीनचा क्रम दुसऱ्या कुनाला नसनार."

"ते कशाला?" मी विचारलं.

"म्हंजे मोजताना कागद बगितला की कळतंय काकू, ह्ये कुनाचं मत."

"पण गुप्त मतदान असतं ना ते?"

"गुप्तच असतंय," गुंजाळ चहाचा घोट घेत म्हणाला. "फकस्त आमाला कळतंय."

गुंजाळनं बशी खाली ठेवली आणि एकाएकी मोठ्यानं हसायला लागला.

"काकू, तुमाला ठावं हाय का, सरांनी मला आख्ख्या वर्गापुढं उभं केलं हुतं? चाचणीचे पेपर सर तपासून आमच्या हातात द्यायचे, बगा म्हनायचे. मी काय केलं, एक प्रश्न कोरा ऱ्हायला हुता, तिथं घाईघाईनं उत्तर खरडलं आन् लाल पेनानं म्होरं बरोबरची खूण ठोकली. म्हनलं, सर, मार्क द्यायचं इसरला. सरांनी पेपर वर धरला. आख्ख्या वर्गाला दाखवला. म्हनले, 'ही खूण माझी नाही.'" त्यानं ह्यांचा आवाज अगदी हुबेहूब काढला. "समदा वर्ग हसला. पोरीबी हसल्या."

मलाही हसू यायला हवं होतं. गोष्ट मला ठाऊकच होती. पेपर तपासून झाले की बेरजा करायला हे मला बसवायचे, त्यामुळे ह्यांची तपासायची तऱ्हा मला पाठ होती. चूक असेल तिथं खाली रेघ, समासात आकड्यात गुण, बस्स. बरोबरची खूण ह्यांनी जन्मात कधी केली नाही. मी एकदा विचारलं होतं तर म्हणाले, "जे बरोबर आहे त्याला खुणेची काय गरज? खूण लागते ती चुकीला." कॉलेजात बाकीचे प्राध्यापक पानभर टिचक्या मारल्यासारख्या खुणा करत सुटायचे, ह्यांचा पेपर बघून मात्र मुलाला वाटावं की सरांनी वाचलाच नाही. पहिल्या वर्षाची मुलं रडकुंडीला यायची. हे सगळं ती खूण ठोकेपर्यंत गुंजाळच्या लक्षात आलं नव्हतं, एवढाच त्याचा घात.

"मी त्या दिवशीच ठरवलं," गुंजाळ रुमालानं ओठ पुसत म्हणाला, "सरांकडनं एक ना एक दिस बरोबर मिळवायचंच."

जाताना त्यानं पुन्हा पायांवर डोकं ठेवलं. तो गेला, त्याची गाडीही गेली, पण तिच्या मागोमाग आलेला एक रिकामा टिपर समोरच्या बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीपाशी तसाच उभा राहिला. नंबराच्या पाटीवर ओल्या मातीचा लपका मारलेला होता. आमच्या दारात बंदोबस्ताला एक हवालदार असायचा, त्याला मी म्हटलं, "जाऊन बघा तरी, कुणाची आहे."

"पंक्चर झाली असंल, वैनी," तो म्हणाला आणि खुर्ची फिरवून दुसरीकडे तोंड करून बसला. त्याचा मामेभाऊ गुंजाळच्या गाड्यांवर कामाला होता, हे मला नंतर कळलं.

टिपरची सगळी चाकं मला दारातून दिसत होती. एकही बसलेलं नव्हतं.

हे मुंबईला निघायच्या दिवशी सकाळी नंदा आली. सुदामची बायको. पुढच्या दारानं आली नाही, परसातून आली आणि धुण्याच्या दगडावर बसली. मी आत बोलावलं तर मान हलवली. अंगानं पार वाळून गेली होती. कपाळावर गोंदण होतं तेवढंच शिल्लक होतं.

"सरांना बोलवू का?" मी विचारलं.

"नगं. त्यांच्यापुढं मला बोलाया यायचं न्हाई. तुमीच सांगा."

"काय सांगू?"

ती दगडावरचं शेवाळ नखानं खरवडायला लागली. मग म्हणाली, "त्याला पाडा म्हनत न्हाई मी. त्यो पडनारा मानूस न्हाई. सरांच्या जिवाला घोर लावून मला काय मिळनार? पन काकू, सुदामला ज्या हातानं लिवायला शिकवलं, त्या हातानं गुंजाळच्या नावाम्होरं एक लिवू नका म्हनावं. बास. येवढंच."

मी हे जसंच्या तसं ह्यांना सांगितलं. हे बॅग भरत होते. हातातला सदरा तसाच धरून उभे राहिले. सुदाम गेला त्या दिवशी हे नंदाच्या दारात जाऊन "मी बघतो" म्हणून आले होते. मग दोनदा विधानसभेत प्रश्न लावला. एकदा तो चर्चेला आलाच नाही, एकदा उत्तर आलं की अपघाताची चौकशी पूर्ण झालेली आहे. तेव्हापासून त्या गल्लीतून जायचं हे टाळत होते.

"काय करणार आहात?" मी विचारलं.

"दोन-तीनचा क्रम पाठ करणार. पहिल्यांदाच परीक्षेआधी उत्तरं हातात आली आहेत."

"थट्टा नको. नाही दिलं मत तर?"

"तर संध्याकाळपर्यंत कळेल की सोनटक्केचा कागद त्यात नाही." त्यांनी सदरा घडी करून बॅगेत ठेवला. "आणि गिरणीपाशी गाडी उभी आहेच."

म्हणजे त्यांनीही पाहिली होती. मी म्हटलं, "लिहा मग एक. नंदाला मी सांगेन काहीतरी. तुम्ही एकट्यानं काय जगाचा ठेका घेतलाय का?" हे मी मनापासून म्हटलं होतं, आणि आजही मला त्याचं वाईट वाटत नाही. ज्याच्याबरोबर संसार केला तो माणूस जिवंत राहावा असं वाटण्यात लाजायचं काय आहे?

मुंबईत सगळ्या आमदारांना एका हॉटेलात नेऊन ठेवलं. फोन मिळायचा, पण शेजारी कुणी तरी उभं असायचं, ते बोलण्यावरूनच कळायचं. हे हसतखेळत बोलायचे. म्हणाले, "इथं मतदानाची रंगीत तालीम घेतात. खोट्या मतपत्रिका, खोटी पेटी. साहेबांनी तालीम माझ्याकडेच सोपवली आहे. फळा नाही, खडू नाही, नाहीतर माझा वर्गच." साहेब म्हणजे पक्षाचे अध्यक्ष. तिथं ह्यांनी आमदारांना शिकवलं, की अंकच लिहायचा, 'एक' असं अक्षरी लिहिलं तरी मत बाद, सही केली तरी बाद, बरोबरची खूण केली तर बादच बाद.

"सगळे शिकले का?" मी विचारलं.

"शेवटच्या बाकावरचे सोडून सगळे," हे म्हणाले. आवाजात मजा होती. मला जरा हायसं वाटलं. वाटलं, लिहिणार हे एक, आणि येणार घरी.

मतदानाच्या संध्याकाळी मी टीव्हीपुढे बसून होते. निकाल यायला उशीर लागला नाही. एक जागा अडली आणि ती गुंजाळची होती. अगदी थोडक्यात गेली. एक मत बाद झालं होतं, ते धरलं असतं तर तो निवडून आला असता. मग पडद्यावर खाली तांबडी पट्टी सरकायला लागली आणि तिच्यात आमचं नाव होतं; दोन-तीनच्या क्रमावरून ओळखून पक्षातल्याच कुणी बाहेर सांगितलं असणार. राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाचंच मत बाद! ती पट्टी पुन्हा पुन्हा येत होती. एका वाहिनीवर तर कुणीतरी ह्यांचा वर्गात फळ्यापुढे उभा असलेला जुना फोटो मिळवला होता. आमदारांना मत कसं द्यायचं हे शिकवणारे सर स्वतःच नापास, म्हणून निवेदिका हसली.

मला काहीच कळेना. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांखाली रेघा मारल्या त्याच्या हातून असं कसं झालं? मला दया आली आणि रागही आला. कॉलेजच्या प्राचार्यांच्या बायकोचा फोन आला. "असू द्या हो वहिनी, वय झालं की होतं असं," म्हणाली, तेव्हा मी फोन आपटला.

हे दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले. दारातच हवालदार गालातल्या गालात हसला, मला दिसलं. टिपर गिरणीपाशी होताच. पाय धुऊन होतात तोच ह्यांना फोन यायला लागले. मी ताट वाढत होते आणि बाहेरून ह्यांचं एकेक वाक्य ऐकत होते.

"काय सांगू साहेब... हो, हो, कागदावर माझाच क्रम. दोन आणि तीन अगदी बरोबर लिहिले... तेच तर. एकच्या जागी हात वळला. इतकी वर्षं पेपर तपासले, नाव दिसलं की हात बरोबरची खूण करून मोकळा झाला. सवय, साहेब. दुसरं काय."

तिकडून साहेबांचं हसणं मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. मास्तर लोकांचं असंच, असं काहीसं म्हणाले असावेत, कारण हेही हसले.

माझ्या हातातली आमटीची पळी पातेल्यातच राहिली.

बरोबरची खूण. ह्यांची सवय.

मी बाहेर आले. ह्यांनी फोन ठेवला होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि ह्यांच्या लक्षात आलं की माझ्या लक्षात आलं आहे.

"कुणाकुणाला कळेल?" मी विचारलं.

"पक्षात कुणाला नाही. साहेबांना वाटतंय मी भोट आहे. वर्तमानपत्रांनाही तसंच वाटतंय."

"आणि विद्यार्थ्यांना?"

"कोण लक्षात ठेवतं, शालन, मास्तर कसा पेपर तपासायचा ते."

"एक जण ठेवतो. इथं ह्याच खुर्चीत बसून सांगून गेला तो."

हे खाली बसले. चष्मा काढून मांडीवर ठेवला. "कोरा कागद टाकला असता तर त्याच रात्री सगळ्यांना कळलं असतं," म्हणाले. "एक लिहिता येत नव्हतं. मी पेन टेकवलं होतं, शालन. जांभळं पेन देतात तिथं. एकाची उभी रेघ काढायची, त्यात काय आहे? पण सुदामला वर्गात पुढच्या बाकावर बसलेलं बघितलं मी. मग हात वळला. हे मात्र खोटं नाही, हात खरंच वळला."

"त्याला कळेल."

"कळेल. त्याला एकट्याला." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याला कळावं असंही वाटलं असेल मला."

मी ह्यांना भोट म्हणणाऱ्या सगळ्या जगाला शिव्याशाप देत होते आणि आता माझी मलाच कीव आली. भोट असते तर किती बरं झालं असतं. मी हात जोडून म्हटलं, "आला तर सांगा, सवयच होती म्हणून. मरेपर्यंत सांगा. माझ्यासाठी." हे मांडीवरचा चष्मा उचलून पुसत राहिले.

गुंजाळ दुसऱ्या दिवशी आला. वेळ तीच, भर दुपारची. ह्या वेळी पाया पडला नाही. बसला पण नाही. सोप्यावर त्या दिवशीचं वर्तमानपत्र पडलं होतं, ह्यांच्या फोटोसकट, ते त्यानं उचललं.

"काकू, चहा नगं," तो म्हणाला. मी विचारलंही नव्हतं.

"बस, भारत," हे म्हणाले.

"बसतो की. आधी एक इचारायचं हाय." त्यानं खिशातून पेन काढलं. लाल होतं. "काल साहेबांनी समद्यांना सांगितलं, सोनटक्के सरांचा हात वळला. समदे हसले. मीबी हसलो. म्हनलं, मास्तर हाईत, चालायचंच. मग गाडीत बसलो. निम्म्या वाटंत आलो आन् हसू थांबलं."

त्यानं वर्तमानपत्र भिंतीला टेकवलं आणि ह्यांच्या फोटोच्या बाजूच्या कोऱ्या जागेत लाल पेनानं बरोबरची एक खूण काढली. सावकाश काढली, शाळेत मुलं गिरवतात तशी. मग कागद वर धरला, ह्यांना दिसेल असा. एका हातानं, उंच. त्याच्या वर्गात एकदा कुणी धरला होता तसा.

"सर," तो म्हणाला, "ही खूण तुमची न्हाई."

पंखा चालू होता आणि कागदाचं टोक फडफडत होतं. मी दारात उभी होते. मनातल्या मनात म्हणत होते, माझीच आहे म्हणा, म्हणा माझीच आहे, एवढे दोन शब्द म्हणा आणि सुटा. देवाला मी आजवर इतक्या कळवळून काही मागितलं नव्हतं.

ह्यांनी चष्मा घातला. कागदाकडे नीट पाहिलं. मग गुंजाळकडे.

"बरोबर," हे म्हणाले.

गुंजाळनं कागद खाली घेतला. ह्यांच्या तोंडून हा शब्द ऐकायला त्याला एवढी वर्षं थांबावं लागलं होतं, आणि तो असा मिळेल असं त्याला वाटलं नसावं. त्याचा चेहरा आधी एखाद्या पोराचा झाला आणि मग हळूहळू पुन्हा गुंजाळचा झाला. त्यानं कागदाची घडी घातली, आणखी एक घातली, आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली.

"सर, अजून सकाळी फिरायला जाता न्हवं? कॉलेजच्या रस्त्यानं?"

"जातो."

"जावा. तब्येतीला चांगलं असतंय," तो म्हणाला, आणि मला नमस्कार करून गेला.

त्या संध्याकाळी मी ह्यांच्याशी बोलले नाही. रागानं नाही. बोलले असते तर रडले असते, आणि रडले असते तर ह्यांनी फिरायला जायचं रद्द केलं असतं, आणि मग पुढे रोजच रद्द करावं लागलं असतं. घराबाहेर पडायला घाबरणारा माणूस म्हातारपणी मला सांभाळायचा नव्हता.

सकाळी हवालदार आला नाही. बरं नाही म्हणून निरोप होता. हे नेहमीसारखे टोपी घालून, काठी घेऊन निघाले. मी शेगडीवरचं दूध उतरवलं, गॅस बंद केला आणि चपला घातल्या.

"तू कुठे?"

"फिरायला. तब्येतीला चांगलं असतं म्हणे."

हे हसले नाहीत, पण नकोही म्हणाले नाहीत. इतक्या वर्षांत मी ह्यांच्याबरोबर सकाळी कधी फिरायला गेले नव्हते. मला ह्यांचा वेगही माहीत नव्हता.

टिपर गिरणीपाशीच होता. त्या सकाळी मात्र पहिल्यांदा त्यात ड्रायव्हर होता. ओल्या फडक्यानं समोरची काच पुसत होता. पंचविशीतला पोरगा, गळ्यात काळा दोरा. आम्ही जवळ आलो तसं त्यानं फडकं खाली टाकलं आणि घाईनं दोन्ही हात जोडले.

"गुड मॉर्निंग सर."

हे थांबले. मी बाही ओढली तरी थांबले. "कोणत्या वर्षाचा तू?"

"बीएच्या दुसऱ्या वर्षाला सोडलं, सर. तुमच्या विषयात ऱ्हायलो हुतो."

"पुन्हा बसायचं होतंस."

"हो सर." तो ह्यांच्याकडे बघत नव्हता. रस्त्याकडे बघत होता. मग अगदी हळू, जणू त्या रिकाम्या गाडीलाही ऐकू जाऊ नये असं, म्हणाला, "सर, जरा कडंनं चाला."

ते धमकावणं होतं की सांभाळून घेणं होतं, मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. मी ह्यांचा दंड धरला आणि त्यांना रस्त्याच्या आतल्या बाजूला, कुंपणाकडे घेतलं. बाहेरच्या बाजूला मी आले. आम्ही चालायला लागलो. थोडं पुढे गेल्यावर मागे इंजिन सुरू झालं. मी मागे वळून पाहिलं नाही. ह्यांनी बोलायला सुरुवात केली होती, कॉलेजच्या रस्त्यावरची ही झाडं कुणी लावली, कोणत्या प्राचार्यांच्या काळात, आणि आवाज जवळ येत होता, आणि ह्यांचा दंड माझ्या हातात होता. टिपर आमच्या इतक्या जवळून पुढे गेला की माझा पदर उडाला. पुढे जाऊन तो वळला आणि नदीच्या रस्त्याला लागला.

पुढच्या वेळी ह्यांना तिकीट मिळालं नाही. त्याच्या पुढच्या वेळी गुंजाळ परिषदेवर गेला, आणि आता जिल्ह्यातल्या दोन कॉलेजांचा अध्यक्ष आहे. नंदा मला एकदा बाजारात भेटली. "एक लिवला न्हाई न्हवं सरांनी?" तिनं विचारलं. "नाही," मी म्हटलं. तिनं मान हलवली आणि पिशवी उचलून गेली.

आम्ही अजून रोज सकाळी फिरायला जातो, कॉलेजच्याच रस्त्यानं. आता ह्यांची काठी नुसती शोभेची राहिलेली नाही. रस्त्याला लागलो की मी आपोआप बाहेरच्या बाजूला होते. हे सारखे बोलत असतात, आणि मी ऐकते. पण मागून जड गाडीचा आवाज आला की त्या वेळी ते काय बोलत होते, हे मला घरी आल्यावर कधीच सांगता येत नाही.